पाटल्या, पुस्तक आणि ‘साभार परत’

ताई,

वय 33. सोलापूर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी पतसंस्थेचा पिग्मी एजंट आहे. मराठीत एम. ए. केलं, पण नोकरी लागली नाही. सकाळी दहा ते दोन आणि साडेचार ते नऊ रोज 85-90 दुकानं फिरून लोकांची रोजची बचत गोळा करतो. महिन्याला दोन लाख ऐंशी हजारांच्या आसपास कलेक्शन होतं, त्यावर तीन टक्के कमिशन, म्हणजे हातात 8,400 रुपये. बायको शिवणकाम करते. वडिलांना दोन वर्षांपूर्वी अर्धांगवायू झाला, त्या दवाखान्याचं 1 लाख 40 हजारांचं कर्ज अजून आहे. मुलगी दुसरीत. चेअरमनसाहेबांची भाषणं, संस्थेचा अहवाल, गावातली मानपत्रं, शाळेचं नाटुकलं मीच लिहून देतो, फुकट.

सात वर्षांत 23 कथा लिहिल्या. गेल्या तीन दिवाळ्यांत 14 अंकांकडे पाठवल्या. नऊ ठिकाणांहून उत्तरच नाही. तीन ‘साभार परत’. दोन जिल्ह्यातल्या अंकांत छापून आल्या, मानधन नाही, उलट एका अंकाच्या पाच प्रती मलाच विकत घ्याव्या लागल्या. आता एक प्रकाशक संग्रह काढायला तयार आहेत. 300 प्रती, 45,000 रुपये मी भरायचे. बायकोच्या पाटल्या आहेत, त्या तारण ठेवल्या तर जमेल. मेहुणा म्हणतो, पिग्मी सोड, वर्षभर मुंबईला ये, मालिका लिही. वडील म्हणतात, लिखाणानं कुणाचं पोट भरलंय? शिवाय 35 झाली की साहित्य अकादमीच्या युवा पुरस्काराची वेळही गेली. पैसे भरू का, काम सोडू का, की लिहिणंच सोडून देऊ? दोन कथा, करारपत्राची प्रत आणि कुठे काय कधी पाठवलं त्याची यादी सोबत जोडली आहे. नाव छापू नका.

ता. क. पत्र पाठवायला आठ दिवस उशीर झाला. देवळापुढच्या हारवालीचा नवरा वारला, तिच्याकडे जाणं-येणं होतं. ती रोज वीस रुपये भरते. मशीनची पावती निघते तरी तिला जुनं कार्डच लागतं, तारखांच्या चौकटींचं. नवरा गेला त्याच्या दुसऱ्या दिवशी टपरी बंद होती, पण शेजारच्या नारळवाल्याकडे वीस रुपये आणि कार्ड ठेवलेलं. नंतर भेटली तेव्हा म्हणाली, “खंड नको, दादा. चौकट मोकळी राहिली की डोळ्याला टोचते.”

एक वाचक

*

दादा,

(हारवाली तुम्हाला दादा म्हणते, नाव छापू नका असं तुम्ही म्हणता, तेव्हा मीही तेच म्हणते.)

आधी पाटल्यांचं. ठेवायच्या नाहीत. सोनेतारणाचं व्याज कसं चढतं आणि बारा महिन्यांनी नोटीस कशी येते हे मी तुम्हाला काय सांगणार, तुम्ही त्याच इमारतीत बसता. तुमचा एखादा खातेदार काउंटरवर येऊन म्हणाला असता, की बायकोच्या पाटल्या ठेवून मला कथासंग्रह काढायचाय, तर तुम्ही त्याला बाकड्यावर बसवून चहा पाजला असता आणि घरी पाठवला असता. आणखी एक. तुमच्या पत्नी पत्रात दोन ठिकाणी येतात, एकदा शिवताना आणि एकदा पाटल्यांसह. त्या स्वतः काय म्हणतात ते कुठेच नाही. मेहुण्याचं मत आहे, वडिलांचं आहे. पाटल्या ज्यांच्या हातातल्या, त्यांचं तेवढं राहून गेलंय.

आता करारपत्र. मी ते दोनदा वाचलं, दुसऱ्यांदा चष्मा पुसून. खर्चाच्या तपशिलात ‘आयएसबीएन शुल्क 3,500’ अशी ओळ आहे. आयएसबीएन म्हणजे पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय ओळख क्रमांक, आणि आपल्या देशात तो फुकट मिळतो. दिल्लीची राजा राममोहन रॉय यांच्या नावाची राष्ट्रीय एजन्सी तो देते, आणि लेखकाला स्वतःच्या नावानंही अर्ज करता येतो. जो माणूस फुकटच्या गोष्टीचे साडेतीन हजार लावतो, त्याचे बाकीचे आकडे कसे असतील याचा अंदाज तुम्हीच करा. गावातल्या ऑफसेटवाल्याकडून 160 पानं, 300 प्रती, एवढं सांगून दरपत्रक मागवा आणि ते शेजारी ठेवून बघा.

पण मला खरी धडकी भरली ती सातव्या कलमानं. ‘सदर पुस्तकाचे सर्व हक्क कायमस्वरूपी प्रकाशकाकडे राहतील.’ म्हणजे पैसे तुमचे, कथा तुमच्या, आणि उद्या एखाद्या कथेवर कुणाला एकांकिका करायची झाली, ऑडिओ करायचा झाला, तर विचारायचं त्यांना. 1957 च्या कॉपीराइट कायद्यात, कलम 19 मध्ये, याबद्दल लेखकाच्या बाजूनं बरंच काही आहे. हक्क द्यायचे तर ते लेखी द्यावे लागतात आणि कुठले हक्क, किती काळासाठी, कुठल्या प्रदेशासाठी, किती मोबदल्यात, हे लिहावं लागतं. काळ लिहिला नसेल तर पाच वर्षं धरतात. म्हणून तर यांनी ‘कायमस्वरूपी’ हा शब्द मुद्दाम घातलाय. तुमच्या लेखनाचा कॉपीराइट तुमच्या हयातीत आणि त्यानंतर 60 वर्षं चालतो. तुमच्या मुलीच्या म्हातारपणापर्यंतची गोष्ट आहे ही. त्यासाठी कुठे नोंदणीही करावी लागत नाही, लिहिलंत त्या क्षणी तो तुमचा झालेला असतो. तो करारातल्या 25 भेटप्रतींसाठी सोडून देऊ नका. इथून पुढे कुणी चांगला प्रकाशक भेटला तरी फक्त मराठी छापील आवृत्तीचे हक्क, ठरावीक वर्षांसाठी, एवढंच द्या. बाकीचं नंतर, वेगळं, लेखी.

पैसे भरून पुस्तक काढणं हे पाप आहे असं मी म्हणत नाही. मराठीत कवींनी तर पिढ्यान्‌पिढ्या स्वतःच्या खिशातून संग्रह काढलेत, त्यातले काही फार चांगले आहेत. हाती पडून असलेला पैसा असेल तर खुशाल काढावं. पण प्रती विकायच्या कुणी, हा प्रश्न आधी विचारावा. माझ्या ओळखीच्या एका कवीच्या घरी दिवाणात गाद्यांच्या वर 240 प्रती आहेत. पाहुणे आले की गादी काढताना आधी कविता काढाव्या लागतात. तो स्वतःच हे हसत सांगतो, पण त्याची बायको हसत नाही.

शिवाय घाईचा एक तोटा तुमच्या लक्षात आलेला नाही. पहिलं पुस्तक एकदाच पहिलं असतं. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखकांसाठी अनुदान योजना आहे, ज्यांचं एकही पुस्तक निघालेलं नाही अशांच्या पहिल्या पुस्तकासाठी. कथा, कादंबरी, कविता, नाटक, ललित, बालसाहित्य, सगळं चालतं. हस्तलिखित तज्ज्ञ वाचतात, पसंत पडलं तर प्रकाशनाला अनुदान मिळतं. 45 हजार भरून संग्रह काढलात की हे दार बंद. राज्य शासनाच्या वाङ्मय पुरस्कारांत पहिल्या प्रकाशनासाठी वेगळे पुरस्कार असतात, तिथेही तुमचा एकमेव डाव कच्च्या संग्रहावर खर्च होईल. मंडळाची जाहिरात वर्तमानपत्रांत येते आणि त्यांच्या संकेतस्थळावरही. वाचनालयात रोज पेपर वाचताच, तेवढी नजर ठेवा.

आणि तो युवा पुरस्कार. साहित्य अकादमीनं तो 2011 पासून द्यायला सुरुवात केली, रक्कम 50 हजार, वयाची अट 35. दर वर्षी मराठीतून एकाला मिळतो. ज्यांना मिळाला नाही ते लिहितायत. पुढे.

तुमच्या हिशेबी डोक्यासाठी एक गणितही करून टाकते. समजा उद्या एखाद्या नामांकित प्रकाशकानं तुमचा संग्रह स्वतःच्या पैशानं काढला. किंमत 250, मानधन छापील किमतीच्या दहा टक्के, आवृत्ती 500 प्रतींची. सगळी संपली तर तुम्हाला मिळतील 12,500 रुपये, आणि नवख्या लेखकाच्या कथासंग्रहाच्या 500 प्रती संपायला दोन-तीन वर्षं सहज जातात. म्हणजे सगळं उत्तम झालं तरी महिन्याला साडेतीनशे ते सव्वापाचशे रुपये. तुमच्या कर्जाचा हप्ता यातून जायचा नाही. वडील बरोबर बोलतात. फक्त त्यांनी विचारलेला प्रश्न पोटाचा आहे, आणि तुम्ही त्याला लेखनाचा प्रश्न समजून सात वर्षं मनाला लावून घेतलाय.

म्हणून काम सोडायचं नाही. हे सांगताना मला वाईट वाटत नाही, कारण काम सोडून चांगलं लिहिता येतं असा अनुभव मराठीत तरी फारसा नाही. नारायण सुर्वे शाळेत शिपाई होते, मग शिक्षक झाले. अरुण कोलटकर जाहिरातीच्या धंद्यात होते. इंदिरा संतांचे पती 1946 साली गेले, पदरी लहान मुलं होती, आणि त्यांनी बेळगावात शिकवण्याची नोकरी करत संसारही ओढला आणि कविताही लिहिली. उलट बाजूला अण्णा भाऊ साठे बघा. एवढं लिहिलं, ‘फकिरा’ला राज्य शासनाचा पुरस्कार मिळाला, आणि 1969 मध्ये हा माणूस हलाखीत गेला. सभांमधून वक्ते सांगतात की दारिद्र्यानं प्रतिभा फुलते. असं सांगणारे बहुधा पगारी असतात. पैशाची चिंता डोक्यात असली की माणूस रात्री वहीत ओळी लिहीत नाही, बेरजा लिहितो. तुमच्या 8,400 मधूनही दहा रुपये कमी झाले तर त्याचा फटका आधी कथेलाच बसेल.

मुंबईच्या मालिकांबद्दल मेहुण्याला एवढंच विचारा, की पहिला चेक येईपर्यंत खायचं काय? मालिकेत कथा एकाची, पटकथा दुसऱ्याची, संवाद तिसऱ्याचे, आणि नवा माणूस आधी या तिघांपैकी कुणाच्या तरी हाताखाली नाव न येता राबतो. पैसे एपिसोडवर ठरतात आणि हातात पडायला तीन-तीन महिने लागतात. ज्याच्याकडे सहा महिन्यांचं घरभाडं बाजूला आहे त्यानं जावं. तिथेही चांगलं काम करणारी माणसं आहेत, मी त्या कामाला नाक मुरडत नाही. पण रोज 22 मिनिटांचा मजकूर पाडायचा हे अंगमेहनतीचं काम आहे. ‘तिथे गेल्यावर कथा लिहायला वेळ मिळेल’ या आशेवर तर अजिबात जाऊ नका.

आता तुमची यादी. पत्रापेक्षा मला तीच जास्त बोलकी वाटली. मी 19 वर्षं एका दिवाळी अंकासाठी आलेल्या कथा वाचायचं काम केलं, नोकरी सांभाळून, रात्री. का. र. मित्रांच्या ‘मनोरंजन’ मासिकानं 1909 मध्ये पहिला दिवाळी अंक काढला तेव्हा काय पद्धत होती ते देव जाणे, आमच्याकडे होती ती सांगते. एप्रिल-मेमध्ये ठरलेल्या लेखकांना पत्रं जायची. जूनअखेर त्यांचं साहित्य यायला लागायचं. जुलैत आम्ही गठ्ठा घेऊन बसायचो, आणि न मागवता आलेल्या कथांना त्याच महिन्यात काय तो वाव असायचा. गणपती येईपर्यंत अंक भरलेला. त्यानंतर पानं फक्त कमी व्हायची, जाहिरात आली की एक कथा बाहेर.

तुमच्या नोंदी बघा. ‘30 ऑगस्ट.’ ‘12 सप्टेंबर.’ ‘घटस्थापना.’ ‘घटस्थापना, चार अंकांना.’ दादा, घटस्थापनेला आलेली कथा कुणी उघडतही नाही! संपादक तेव्हा प्रेसमध्ये असतो, नाहीतर जाहिरातीचे पैसे मागत फिरत असतो. दोन ठिकाणी तर तुम्ही वहीच्या पानांचे फोटो व्हॉट्सॲपवर टाकलेत, 41 फोटो. आणि एकच कथा एका दिवशी चौघांना. चौघांनी छापली असती तर? (तशी एक मोठी फजिती आमच्या अंकात झाली होती. तेव्हापासून मी त्या लेखकाचं पाकीट शेवटी उघडायचे.) तर त्या नऊ मौनांपैकी निदान सात तुमच्या खात्यावर मांडू नका, ती कॅलेंडरच्या खात्यावर मांडा. पुढच्या वर्षी मे महिन्यात, युनिकोडमध्ये टाइप करून, एका वेळी एकाच अंकाला, चार ओळींच्या पत्रासह. अडीच-तीन हजार शब्दांची. नऊ हजार शब्दांची कथा छापायला संपादकाला नाव असलेला लेखक लागतो. आणि तीन महिने उत्तर नाही आलं तर एक नम्र आठवण करून दुसरीकडे पाठवून मोकळं व्हायचं.

उरल्या तीन ‘साभार परत’. दोन छापील आहेत, सोडून द्या. तिसरीवर खाली पेनानं एक ओळ लिहिलेली आहे, तिचं तुम्ही पत्रात नावही काढलं नाहीत. ‘भाषेची आवड दिसते, पण माणसं ओळखीची वाटत नाहीत.’ तुम्ही तिच्याखाली शिसपेन्सिलीनं प्रश्नचिन्ह काढलंय. राग आला असणार.

मला आलेल्या नकारांची फाइल अजून कपाटात आहे. एक कथा परत आली तिच्यावर चहाचा डाग होता, मला तेवढ्यावरून बरं वाटलं, की निदान चहा होईपर्यंत तरी कुणी वाचली. दुसऱ्या एकीवर संपादकांनी तीनच शब्द लिहिले होते, ‘चौथ्या पानापासून वाचली.’ मी दोन दिवस जेवले नाही. वर्षभरानं ती कथा काढून बघितली, तर पहिली तीन पानं खरंच नको होती. ‘सत्यकथा’ मासिक चालू होतं तेव्हा त्याचे संपादक श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन नव्या लेखकांना कथा परत करताना लांबलचक पत्रं लिहायचे, काय जमलंय, काय नाही. ते मासिक 1982 मध्ये बंद पडलं. आता कुणाला तेवढी सवड नाही, म्हणून हाती आलेली एक ओळसुद्धा आठवडाभर जवळ ठेवायची असते. ज्यानं पेन उघडलं त्यानं तुमची कथा शेवटपर्यंत वाचली होती.

आणि तो बरोबर होता. तुम्ही पाठवलेली पहिली कथा मीही परत केली असती. पुण्यात कोरेगाव पार्कात राहणारा चित्रकार, त्याची सोडून गेलेली प्रेयसी, व्हिस्की, पाऊस. ‘संधिप्रकाशात न्हाऊन निघालेली तिची आकृती त्याच्या अंतर्मनाच्या कॅनव्हासवर उमटली.’ हे वाक्य तुम्ही कुठेतरी वाचलंय. तसंच्या तसं नसेल, पण वाचलंय. त्या चित्रकाराला भाडं भरावं लागत नाही, त्याला कुणी उधारी मागत नाही, त्याच्या घरी गॅस संपत नाही. तुम्ही त्याला तुमच्या सगळ्या काळज्यांतून मोकळं केलंत आणि मग त्याच्याकडे करण्यासारखं काही उरलं नाही, म्हणून तो खिडकीत उभा राहतो. अकरा पानं खिडकीत उभा आहे.

दुसरी कथा, बस स्टँडवरची, बरी आहे. त्यातला कंडक्टर सुट्ट्या पैशांवरून जे भांडण करतो ते झकास. पण शेवट भाषणाचा झालाय.

सगळ्यात चांगलं लेखन तुम्ही कथांच्या पाकिटात घातलंच नाहीत. ते ताजा कलमात आहे. माफी मागण्याच्या गडबडीत तुम्ही पाच-सहा वाक्यं लिहून गेलात, आणि त्यात टपरी आहे, नारळवाला आहे, मशीन असून जुनं कार्ड मागणारी बाई आहे. ‘डोळ्याला टोचते’ हा शब्द तुम्ही शोधायला गेला नव्हता, तो तिनं दिला आणि तुम्ही तसाच ठेवलात. दुःखाबद्दल एक अक्षर नाही आणि वाचताना माझा हात थांबला. ‘स्वतःच्या अनुभवावर लिहा’ हा जुना उपदेश मला करायचा नाही, अनुभवावर लिहिलेल्या रद्दी कथाही मी पोत्यानं वाचल्यात. मला फक्त इतकं दिसतं, की चित्रकाराबद्दल लिहिताना तुम्ही लेखक होण्याचा प्रयत्न करता, आणि हारवालीबद्दल लिहिताना तुम्हाला तिची गोष्ट सांगायची घाई असते. दुसऱ्या वेळी भाषा आपोआप सरळ येते.

दिवसाला नव्वद दुकानं. कुणाचं कलेक्शन कधी कमी होतं, कोण मुलीच्या लग्नासाठी भरतंय, कोण बायकोला न सांगता भरतंय, कुणाचं कार्ड अचानक बंद झालं, हे गावात डॉक्टरच्या खालोखाल तुम्हाला माहीत. पण त्यातच एक जबाबदारीही येते. लोक तुमच्यावर विश्वास टाकून पैसे देतात, कथेत ओळखू आले तर दुसऱ्या दिवशी दुकानाचं शटर खाली दिसेल, आणि ते रास्तच असेल. नावं तर बदलाच, धंदा बदला, गल्ली बदला, बाईचा पुरुष करा. दोन माणसांचं एक करा. शक्यतो आकडेही बदला, तालुक्याच्या गावी लोक आकड्यांवरून माणूस ओळखतात. हारवाली वाचणार नाही असं समजू नका, तिला कुणीतरी वाचून दाखवेल.

(पिग्मीचं उदाहरण घेऊन ‘रोज थोडं थोडं लिहा, एक दिवस मोठी रक्कम होईल’ असं सांगायचा मोह मला तीनदा झाला. गिळला. ते तुम्हाला दुसरा कुणीही सांगेल.)

वेळेचं मात्र बघू. तुम्ही लिहिलंय की सकाळी दहा ते दोन आणि साडेचार ते नऊ फिरता. मधले अडीच तास, दुकानं जेवणासाठी बंद, तुम्ही घरी जाता. घरी वडिलांचं औषध, शिवणयंत्राचा आवाज, पोरीचा अभ्यास, तिथे लिहिणं व्हायचं नाही. जेवून वाचनालयात जाऊन बसा. आठवड्यातून तीन दिवस, पाऊण तास. बाकीच्या दिवशी घरी थांबा आणि वडिलांना फिरवा. रात्री अकरानंतर लिहिण्याचा हट्ट सोडा, नव्वद दुकानं फिरून आलेला माणूस रात्री लिहितो ते बहुतेक कोरेगाव पार्कातलंच असतं.

आणि एक गोष्ट तुम्ही ओझरती लिहिलीत. चेअरमनसाहेबांची भाषणं तुम्ही लिहून देता, संस्थेचा वार्षिक अहवाल तुम्हीच लिहिता, गावातली मानपत्रं तुमच्याकडेच येतात, आणि शाळेच्या स्नेहसंमेलनाला नाटुकलं. सगळं फुकट, ‘आपला माणूस’ म्हणून. दादा, लिखाणाचे पैसे मिळत नाहीत ही तक्रार करण्याआधी जिथे ते सहज मिळाले असते तिथे आपण मागितले का, हे बघा. मानपत्राच्या फ्रेमवाल्याला पैसे मिळतात, शालवाल्याला मिळतात, हारवालीला मिळतात. मजकुराचे तेवढे नाहीत. यंदा अहवालाच्या वेळी चेअरमनना सरळ सांगा, इतके रुपये होतील. पहिल्यांदा जीभ जड होईल. ते हसतील, ‘लेखक झालास की काय’ म्हणतील. तरी सांगा. गावातल्या छापखान्यालाही विचारा, मुद्रितं तपासायला शुद्ध लिहिणारा माणूस त्यांना नेहमी हवा असतो. सोलापूर आकाशवाणीला कथावाचनासाठी पत्र टाका, मानधन थोडं असतं पण रीतसर करार येतो. आणि कथा मोठ्यानं वाचली की नको ती वाक्यं जिभेला अडतात, हा फायदा वेगळाच. या सगळ्यातून महिन्याला हजार-दीड हजार जरी सुटले तर ते कर्जाच्या हप्त्यात टाका आणि घरात तसं सांगून टाका. ‘हे लिहून मिळालेत.’ वडिलांना ते वाक्य ऐकू द्या.

लिहिणं सोडू का, हे तुम्ही सगळ्यात शेवटी विचारलंत. त्याचं उत्तर माझ्याकडे नाही आणि माझ्याकडून ते घेऊही नका. सोडलंत तरी काही बिघडत नाही. चांगला वाचक आणि प्रामाणिक पिग्मी एजंट याला समाजात कमी किंमत नाही. पण ज्या माणसाला उशिराबद्दल माफी मागतानाही कार्डाच्या चौकटी दिसतात, तो सोडेल असं मला वाटत नाही.

तेवीसपैकी चित्रकार, गायिका, विमानतळ वगैरे असलेल्या कथा एका पिशवीत घालून माळ्यावर टाका. फाडू नका, माझ्यासारखा पश्चात्ताप होईल. प्रकाशकांना दोन ओळींचं पत्र लिहा, तूर्त विचार नाही, कळावे. कारणं देत बसू नका, ते सवलत देतील. आणि हारवालीची कथा लिहायला घ्या, मे महिन्याला अजून पुष्कळ अवकाश आहे. बाहेर पाठवण्याआधी मला पाठवलीत तर वाचीन, बाकीच्यांना नाही म्हणते.

एक राहिलं. रोज वीस रुपये कशासाठी साठवत होती ती? नवऱ्याच्या औषधासाठी असतील, तर आता कशासाठी भरते? आणि एवढ्या वर्षांत तिच्या कार्डावर कधी एखादी चौकट मोकळी राहिली होती का, ती कुठल्या तारखेची, हे तुम्ही लिहिलेलं नाही. जुनी कार्डं तिनं जपून ठेवली असतील. उद्या गेलात की विचारा.